बहिरा हात

शाळेच्या वाटेवर एक पिवळी कमान होती आणि तिच्यावर निळ्या अक्षरांत ‘मूकबधिर विद्यालय’ असं लिहिलेलं होतं. चिंचवड स्टेशनकडून आमच्या खोल्यांकडे येणारा रस्ता त्या कमानीपाशी वळायचा. नुकतं वाचायला येऊ लागलं होतं तेव्हा मी दिसेल ती पाटी मोठ्यानं वाचत असे. ही वाचली आणि आईला अर्थ विचारला. “बहिरी-मुकी लेकरं शिकतेत तिथं,” आई म्हणाली. “मूक म्हंजे मुकं, बधिर म्हंजे बहिरं. चल, पाय उचल.” यातल्या ‘बधिर’ला आणखी एक अर्थ असतो हे मला फार उशिरा समजलं. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

आम्ही लातूरकडचे. अण्णा लग्नाआधी इकडे आले, काही वर्षं पाच-सहा जणांत एका खोलीवर कॉट घेऊन राहिले, आणि एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये कायम झाल्यावर आईला घेऊन आले. मी जन्मले ती खोली सोनामावशींच्या मालकीची. सोनामावशी इथल्याच, जुन्या गावातल्या. त्यांच्या वावरावर आता खोल्यांची रांग होती आणि रांगेच्या टोकाला त्यांचं घर. खोलीत एक कॉट, एक फळी, कोपऱ्यात ओटा आणि वर सिमेंटचे पत्रे. दुपारी पत्र्यांचा ताप खाली उतरायचा आणि पंख्याच्या वाऱ्यालाही तो पुरून उरायचा. या पट्ट्यात कामगारांना सुट्टी रविवारी नसे, गुरुवारी असे, कारण गुरुवारी कारखान्यांची वीज बंद ठेवत. आमच्या खोल्यांचीही जायची. सहा दिवस जमिनीतून येणारा मशीनचा ठोका त्या दिवशी येत नसे. पाहुणे पहिल्यांदा आले की त्या ठोक्यानं दचकत. आम्ही गुरुवारी तो थांबला की दचकायचो.

गुरुवारी भाकऱ्या अण्णा थापत. कॉटवर राहण्याच्या दिवसांत शिकले होते. आईपेक्षा त्यांची भाकरी पातळ व्हायची आणि थापण्याचा आवाज वेगळा, जरा सावकाश, एका मापाचा. माझी शाळा सकाळची. बाराला घरी येताना रांगेच्या तोंडाशीच तो आवाज कानावर पडला की आज गुरुवार आहे हे पुन्हा आठवायचं. शेंगदाण्याची चटणी, कांदा, कधी अंबाडीची भाजी. आई त्या दिवशी ओट्याकडे पाठ करून बसे आणि “आमचे आचारी आज रागात हायेत वाटतं, कडा जळाल्यात,” असं काहीतरी म्हणे. अण्णांना ते ऐकू जात नसे. म्हणून ती ते हातानं पुन्हा सांगे.

हे हातानं सांगणं आमच्या घरात प्रेस शॉपमधून आलं होतं. तिथं मशीन चालू असताना तोंडानं बोलून उपयोग नसतो. पत्र्यावर डाय, म्हणजे लोखंडी साचा, आपटण्याचा आवाज इतका असतो की शेजारचा माणूस ओरडला तरी त्याचं तोंड उघडलेलं फक्त दिसतं. त्यामुळे कामगारांनी खुणा ठरवल्या होत्या. अंगठा आणि तर्जनी कपाचा कान धरल्यासारखी जुळवून ओठांशी नेली की चहा. अंगठा वरच्या ओठावरून फिरवला की सुपरवायझर आला. कधीकाळी एका सुपरवायझरला जाड मिशी होती, तो गेला, पुढचे सगळे बिनमिशांचे आले, पण खूण राहिली. पंजा डोक्यावर ठेवला की मशीन बंद. ही खूण कुणीही कुणालाही करू शकत असे आणि ती दिसली की कारण न विचारता बटण दाबायचं, असा नियम होता. अण्णांचे कान हळूहळू गेले तसतशा या खुणा घरात वाढल्या. मीठ, पाणी, रॉकेल, सोनामावशी, गाव, सगळ्यांना खूण होती. बाहेरून येणाऱ्याला आमचं घर गप्प वाटे. तसं ते नव्हतं.

अण्णांची आणखी एक सवय मला माहीत होती, कारण त्यांनी ती मला कॉटच्या पायावर हात ठेवून करून दाखवली होती. पाळी सुरू झाली की ते प्रेसच्या लोखंडी अंगावर उजवा पंजा टेकवत. त्याला ते फ्रेम म्हणत. हात ठेवला की आत काय ढिलं आहे, काय घासतंय ते कळतं, असं ते म्हणत. काही बरोबर नसलं तर डावा पंजा डोक्यावर. मग बटण दाबलं तरी उजवा हात तिथंच ठेवायचा. “चाक जड असतंय,” ते मला म्हणाले होते. “करंट गेला तरी फिरत ऱ्हातं. ते पुरतं थांबूस्तोर फ्रेमवरला हात काढायचा न्हाई.”

बशीरभाई त्यांच्याच खात्यात डाय बसवायचं काम करत. घर आकुर्डीला, आई-वडिलांच्या वेळेपासून इथलेच. दर गुरुवारी सायकलवरून येत आणि बेकरीतली खारी आणत. अण्णा आणि ते दारात दोन उलट्या घमेल्यांवर बसून तासभर खुणांनी बोलत आणि मधेच मोठ्यानं हसत. कशावर हसले ते आम्हाला कळत नसे. आई म्हणे, “या दोघांच्या चहाड्या कुणाला ऐकू येत न्हाईत, ह्येच बरंय.”

अपघात झाला तो मी पाहिला नाही. मी चौथीत होते. बशीरभाई भर दुपारी, गुरुवार नसताना, दारात उभे राहिले आणि आईला म्हणाले, “भाभी, चला. माधवरावांचा हात.” एवढंच. आईनं तव्यावरची भाकरी उतरवली, स्टोव्ह बंद केला आणि मला धरून चालू लागली. दवाखान्याच्या व्हरांड्यात फिनेलचा वास होता. प्रेसनं एकदा पायडल दाबल्यावर दोनदा मारलं होतं. कामगार त्याला ‘डबल मारणं’ म्हणत. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट मुळापासून गेलं होतं, अनामिका अर्धी राहिली होती. हे मी नंतर जोडलं. त्या वेळी एक तरुण डॉक्टर बाहेर आले आणि आईला म्हणाले, “घाबरू नका. हात बधिर केलाय. आत्ता त्यांना काही कळणार नाही.”

मला ते वाक्य स्पष्ट समजलं. अण्णांचे कान आधीच बहिरे झाले होते, आता हात बहिरा झाला. डॉक्टरांनी तो तसा का केला एवढं विचारावंसं वाटलं, पण आई खांबाला टेकून उभी होती आणि तिच्या हाताला अजून पीठ होतं. मी विचारलं नाही. पुढेही कुणाला विचारलं नाही. घरात जे दिसत होतं ते या समजुतीशी इतकं जुळत होतं की विचारायचं कारणच पडलं नाही.

पट्टी निघाली तरी अण्णांनी हातावर टॉवेल गुंडाळून ठेवला. ते कॉटवर भिंतीकडे तोंड करून असत. डाव्या हातानं जेवायची लाज वाटे, म्हणून आमचं झाल्यावर, पाठ करून, चमच्यानं जेवत. खुणा पूर्ण थांबल्या. डाव्या हातानंही केल्या नाहीत. आईनं काही दिवस मोठ्यानं बोलून पाहिलं. तिचा आवाज फाटायचा आणि अण्णा पत्र्यांकडे बघत राहायचे. मग तिनं तेही सोडलं. ताटाचा आवाज, स्टोव्हला पंप मारण्याचा आवाज, रांगेतल्या नळाचा आवाज, बाकी काही नाही. गुरुवारच्या भाकऱ्या आई करू लागली आणि ती त्या दिवशी मुद्दाम लवकर उरके, मी घरी यायच्या आत.

या महिन्यांबद्दल मला काय वाटत होतं असं, मी आता समुपदेशन शिकवते तिथल्या विद्यार्थ्यांनी, मला विचारलं आहे. उत्तर आहे, काही नाही. मला सगळं दिसत होतं आणि आजही दिसतं. टॉवेल हिरव्या काठाचा होता. फळीवरच्या औषधाच्या बाटलीला कापसाचा बोळा होता. मी अभ्यास करत होते, पाणी भरत होते, वेणी माझी मी घालू लागले होते. सोनामावशी आईला म्हणायच्या, “पोरगी लई शाणी हाय गं तुझी. डोळ्यात टिपूस न्हाई. न्हाईतर आमची!” आईला ते बरं वाटायचं. मला बरं किंवा वाईट वाटत नव्हतं. आज माझ्याकडे आई-वडील मुलांना घेऊन येतात, आणि “हिचं काही नाही हो, ही फार शहाणी आहे, भावाकडे बघा,” असं म्हणतात. मी भावाकडे बघते, पण वहीत नाव आधी बहिणीचं लिहिते.

बशीरभाई गुरुवारी येत राहिले. आता ते घमेल्यावर एकटे बसत. खारीची पुडी आईकडे देत, अण्णांच्या पाठीकडे बघत आणि थोड्या वेळानं उठत. एका गुरुवारी त्यांनी आईला सांगितलं की साहेबांशी बोलणं झालंय, माधवरावांना गेटवर बसवायला कंपनी तयार आहे. “पण भाभी, त्यांना एकदा येऊन तोंड दाखवावं लागेल. जागा ते किती दिवस खाली ठेवणार?”

“मी काय करू भाऊ?” आई म्हणाली. “ह्ये संडासाला सुदीक अंधार पडल्यावर जातेत.”

“मैं बोलूँ क्या?”

“बोला की. तुमचं ऐकू गेलं तर बरंच हाय.”

बशीरभाई आत आले, कॉटच्या समोर, भिंत आणि कॉटच्या मधल्या चिंचोळ्या जागेत अंग चोरून उभे राहिले आणि खुणांनी काही सांगू लागले. अण्णांनी डोळे मिटले. डोळे मिटल्यावर त्यांच्याशी बोलायचा काही मार्ग उरत नसे. बशीरभाई तसेच उभे राहिले, हात हवेत. मग त्यांनी हात खाली घेतले, बाहेर गेले आणि सायकलची घंटी एकदा उगाचच वाजवली.

त्या संध्याकाळी आईनं सोनामावशींना सांगून टाकलं. पोरीची परीक्षा झाली की आम्ही गावाकडे जाणार, खोली दुसऱ्या कुणाला द्या. सोनामावशी म्हणाल्या, “आगं पर पोरीच्या साळंचं?” आमच्या गावात शाळा चौथीपर्यंत होती. आई म्हणाली, “बघू.” मी ओट्याखाली कोळसे भरत होते. ‘बघू’चा अर्थ मला माहीत होता. चौथीनंतर घरी बसलेल्या माझ्या दोन चुलतबहिणी गावाला होत्या आणि त्यांच्याही बाबतीत ‘बघू’च म्हटलं गेलं होतं.

परीक्षा जवळ आली तशी आमची शाळा लवकर सुटू लागली. एका सकाळी मी पिवळ्या कमानीपाशी थांबले. कुंपणाच्या जाळीतून आतला व्हरांडा दिसत असे. एक बाई खुर्चीवर बसल्या होत्या आणि त्यांच्यासमोर माझ्याहून लहान मुलगी. बाईंनी त्या मुलीचा हात उचलून स्वतःच्या गळ्यावर ठेवला आणि तोंड उघडून ‘आ’ म्हणाल्या. मग तोच हात मुलीच्या गळ्यावर नेला. मुलीनं तोंड उघडलं. पुन्हा बाईंचा गळा, पुन्हा मुलीचा. मी बराच वेळ बघत होते. बहिऱ्यांशी कसं बोलायचं हे बाईंना माहीत असणार, कारण ती त्यांचीच शाळा होती. अण्णांचा हात बहिरा होता. त्याच्याशी कुणीच नीट बोललं नव्हतं.

तो गुरुवार होता. वीज गेलेली, पंखा बंद, जमिनीतला ठोकाही बंद. आई सोनामावशींकडे पापड लाटायला गेली होती. अण्णा जागे होते, भिंतीकडे तोंड करून. मी दप्तर ठेवलं, हात धुतले, कॉटवर त्यांच्या पाठीशी बसले आणि टॉवेलची गाठ सोडली. त्यांनी मान वळवली. मला वाटलं ओरडतील. ओरडले नाहीत. हात मी पहिल्यांदाच पाहत होते. जिथं बोटं होती तिथली कातडी गुलाबी, ताणलेली आणि बाकीच्या हाताहून गरम होती. मी तो दोन्ही हातांनी उचलून माझ्या गळ्यावर ठेवला आणि ‘आ’ म्हणाले. मग ‘मा’ म्हणाले. बाईंनी पुढं काय म्हटलं होतं ते मला ऐकू आलं नव्हतं. काहीतरी म्हणायला हवं होतं, म्हणून परीक्षेसाठी पाठ केलेल्या आमच्या जिल्ह्याच्या नद्या म्हणू लागले. इंद्रायणी, पवना, मुळा, मुठा, भीमा, नीरा. संपल्या की पुन्हा पहिल्यापासून.

अण्णा हलले नाहीत. कितव्या खेपेला ते सांगता येणार नाही, पण ‘मुळा-मुठा’वर त्यांचा अंगठा जरासा दाबला गेला, जसा ते कॉटच्या पायावर दाबून दाखवत तसा.

“थरथरतंय,” ते म्हणाले. अनेक आठवड्यांत मी ऐकलेला त्यांचा पहिला शब्द. आवाज खरखरीत होता आणि गरजेपेक्षा मोठा, बहिऱ्या माणसाचा असतो तसा.

मी थांबले.

“थांबू नको. म्हण.”

मी पुन्हा इंद्रायणीपासून सुरुवात केली. त्यांनी हात तसाच ठेवला आणि पत्र्यांकडे बघत बोलले. माझ्याशी नाही, पण कुणाशी तरी. “त्या दिवशी नवे हातमोजे दिलते. जाड, चामड्याचे. सगळ्यांनी घालायचे म्हणून घातले. फ्रेमला हात लावला मी. लावला व्हता.” मग, “पर ऐकू न्हाई आलं हाताला.”

मला आश्चर्य वाटलं नाही. मी इतके दिवस तेच समजून होते. दुसऱ्या कुणीतरी ते म्हटलं एवढंच. आज विचार करते तेव्हा दिसतं की इतके दिवस घरातलं प्रत्येक जण त्यांना जो प्रश्न विचारायचं टाळत होतं त्याचं उत्तर त्यांनी त्या दुपारी दिलं, आणि ते कुणी विचारलं नव्हतं म्हणून दिलं. कशी काय बोटं आत राहिली, तुमच्यासारख्या जुन्या माणसाची? दवाखान्यात, रांगेत, कंपनीत लोक हे एकमेकांना विचारत होते. अण्णा तेच स्वतःला विचारत होते, भिंतीकडे तोंड करून. मी हे काही जाणून केलं नव्हतं. मला एक शब्द चुकीचा समजला होता.

आई पिठाळलेल्या हातांनी दारात आली तेव्हा मी नीरेवर होते. कॉटच्या कडेला टॉवेल पडला होता तो उचलून तिनं बाहेरच्या दोरीवर टाकला.

पुढच्या गुरुवारी बशीरभाई आले तेव्हा अण्णा दारात घमेल्यावर बसलेले होते. हात उघडा, मांडीवर, उताणा. बशीरभाईंनी सायकल लावली, पाहिलं, पण पाहिल्यासारखं केलं नाही. समोरच्या घमेल्यावर बसून त्यांनी तळहातावर तंबाखू घेतली, चुना लावला आणि मळू लागले. मी उंबऱ्यात पुस्तक घेऊन होते. अण्णांनी उजवा हात उचलला, ओठांशी नेला. बशीरभाई ताडकन उठले. तंबाखूची मूठ पाठीमागे गेली, दुसऱ्या हातानं त्यांनी सदऱ्याचं बटण लावलं आणि ते रांगेच्या दोन्ही टोकांकडे बघू लागले.

“कुठंय?” त्यांनी मान उडवून हातानंही विचारलं.

“काय कुठंय?” अण्णा म्हणाले.

“सुपरवायझर!” बशीरभाईंनी अंगठा वरच्या ओठावरून फिरवला. “इथं कसा आला तो?”

अण्णांनी हात स्वतःच्या डोळ्यांसमोर धरून पाहिला. तर्जनी नसल्यामुळे कपाचा कान होत नव्हता. ओठावर गेला तो एकटा अंगठा.

“चहा घेणार का म्हणलं मी,” अण्णा म्हणाले.

बशीरभाई खाली बसले. त्यांची तंबाखू सांडली होती. “या अल्ला,” ते म्हणाले, “आता जन्मभर तुमच्याकडे चहा पिताना माझी छाती धडधडणार, माधवराव.” आणि हसू लागले. अण्णांना शब्द ऐकू गेले नसावेत, पण बशीरभाईंचे खांदे दिसले, आणि तेही हसले. आधी आवाज न करता, मग मोठ्यानं. आई आतून म्हणाली, “सुपरवायझरला साखर किती टाकू?” आणि ओट्यापाशी तोंडाला पदर लावून उभी राहिली. पुढे चहाची खूण बदलून करंगळी आणि अंगठ्याची केली. ती आमच्या घरात अजून आहे. अण्णा त्यानंतर काही दिवसांनी बशीरभाईंच्या सायकलच्या दांडीवर बसून कंपनीत गेले, साहेबांना तोंड दाखवलं, आणि निवृत्त होईपर्यंत गेटवर बसले. सोनामावशींनी खोली दुसऱ्या कुणाला दिली नाही. मी पाचवीत गेले.

त्या दिवशी तिघं हसत होते तेव्हा मी उंबऱ्यात होते आणि हसत नव्हते. वाईट वाटत होतं असंही नाही. कोण कुठं बसलं आहे, कुणाचा हात कुठं आहे, तंबाखू कुठं सांडली, हे मी बघत होते. ही सवय मला पुढे कामाला आली. पुण्यात एका दैनिकात मी काही वर्षं उपसंपादक होते. या पट्ट्यातल्या अपघातांच्या बातम्या माझ्याकडे येत. ‘यंत्रात हात सापडून कामगार जखमी’, नाव, कंसात वय, राहणार अमुक, उपचार सुरू. एक परिच्छेद. माझी प्रत स्वच्छ असे, एक शब्द कमी-जास्त नसे. वरिष्ठ म्हणत, हिच्या हातून कधी भावनेचा थेंब सांडत नाही. ते कौतुक होतं. त्या बातम्यांमध्ये एक गोष्ट मात्र कधी नसे: तो माणूस दुसऱ्या दिवशी कसा जेवला. ते शोधायला मी नोकरी सोडली असं म्हणणं फार नीटनेटकं होईल. मी आधी सुट्टीत समुपदेशनाचा एक अभ्यासक्रम केला, मग दुसरा, आणि एके दिवशी परत डेस्कवर गेले नाही.

आता सांगवीत माझ्या दोन खोल्या आहेत. चाकणहून, भोसरीहून, तळेगावहून लोक येतात. काहींचा हात गेलेला असतो. बरेच असे असतात ज्यांचे हात शाबूत आहेत आणि शेजारच्याचा गेलेला त्यांनी पाहिला आहे. येणारा माणूस बसला की मी काय झालं ते विचारत नाही. आधी एक खूण शिकवते. पंजा डोक्यावर ठेवला की मी थांबेन, जे काही चालू असेल ते, आणि कारण विचारणार नाही. बहुतेक जण ती एकदा उगाच करून बघतात, मी खरंच थांबते का ते. मी थांबते. खोलीत मातीचा गोळा आहे, कणीक आहे, आणि तळेगावच्या एका भजनी मंडळाची जुनी बाजाची पेटी आहे. मी एकच सूर धरते आणि ते पेटीच्या लाकडावर पंजा ठेवतात. मग मी विचारते, “शरीरात कुठं ऐकू येत नाही?” प्रश्न व्याकरणानं बरोबर नाही, पण आजवर कुणी मला तो समजावून सांगा असं म्हटलेलं नाही. चाकणच्या एका तरुणानं, ओळख पटू नये इतके तपशील मी बदलले आहेत, लगेच खांद्यापासून कोपरापर्यंत बोट फिरवलं. “इथं लाइनच नाही मॅडम,” म्हणाला. कित्येक आठवडे तो पेटीवर फक्त हात ठेवून बसत होता. एके दिवशी भाता त्यानं स्वतःकडे ओढला. आता सूर कधी सुरू करायचा आणि कधी बंद, ते तो ठरवतो. अजून बोललेला नाही. घाई नाही.

गुरुवारी मी कुणाला वेळ देत नाही. अण्णा माझ्याकडेच असतात. कान पूर्ण गेले आहेत. मशीन आणून दिलं होतं, पण “कानात माशी शिरल्यावाणी वाटतं” म्हणून ते फळीवर पडून आहे. दुपारी जेवण झालं की ते खुर्ची माझ्यासमोर ओढतात आणि अडीच बोटांचा हात माझ्या गळ्यावर ठेवतात. मी आठवड्याचं सांगते. त्यातलं किती कळतं ते मी कधी विचारलं नाही. ओठही बघत असतील.

यंदा आई गेली. झोपेतच. दिवस झाले, लातूरकडचे नातेवाईक आले आणि गेले, मी सगळं पाहिलं. त्यानंतरच्या पहिल्याच गुरुवारी अण्णांनी नेहमीप्रमाणे खुर्ची ओढली, हात ठेवला, आणि मी सांगू लागले. दाखला मिळाला, त्यात नाव चुकलं होतं, ते दुरुस्त करून घेतलं. लातूरच्या मावशीला गाडीत बसवून दिलं. आईची लुगडी सोनामावशींच्या सुनेला दिली, एक ठेवलं. गॅस आला. सोमवारपासून लोकांना परत बोलावलं आहे, कामात काही अडचण नाही. माझा आवाज मला ऐकू येत होता. एका मापाचा, स्वच्छ, बातमीसारखा. लोक भेटायला आले होते तेव्हा म्हणाले होते, किती धीरानं घेतलं हिनं. मी पुढचं सांगायला लागले, पाणीपट्टीचं काहीतरी.

अण्णांचा अंगठा दाबला गेला. त्यांनी मान जराशी तिरकी केली, कॉटच्या पायापाशी करत तशी. मग डावा पंजा उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवला.

मी थांबले.

बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती होत नव्हती. पाणीपट्टीचं वाक्य अर्ध्यावर होतं. मी पुढे काही बोलत नव्हते, तोंड मिटलेलं होतं, तरी त्यांच्या हाताखाली गळा थरथरू लागला, आणि ती थरथर वाढत गेली. अण्णा समोरच्या भिंतीकडे बघत बसून राहिले. हात त्यांनी काढला नाही.